सोंगाविना सुधाकर

नंदाताईंचा फोन आला तेव्हा शाहीन सतरंजी झटकत होती आणि ओजस आरशासमोर उभा राहून एकेक भुवई वर करून बघत होता.

"हेमा, शूटिंग लांबलंय गं. डायरेक्टर सोडायला तयार नाही. पुढच्या शुक्रवारी येते, चालेल ना?"

न चालून सांगते कुणाला? मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"पाहुण्या येत नाहीत," मी सांगितलं.

"काय यार!" ओजसची भुवई वरच राहिली. "जिन्यावर चपला वाजायला लागल्यात आणि पाहुण्या येत नाहीत?"

मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारखान्यावरची ती खोली. शाहीनच्या आजोबांची. आठवडाभर खालून तारा जुळवल्याचा आवाज यायचा, त्यामुळे आमचं चित्रीकरण कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी. खोलीच्या एका अंगाला तक्तपोस, त्यावर स्वच्छ चादर. समोर सतरंजीवर ओळखीपाळखीची पंधरावीस माणसं. आणि दाराशी कॅमेरा घेतलेली शाहीन. कार्यक्रमाचं नाव 'ऐनवेळी'. दर खेपेला एक विनोदी कलाकार पाहुणा म्हणून बोलवायचा आणि त्याच्याशी गप्पा मारायच्या. गप्पा कुठल्या, ते आधी ठरवायचं नाही. लिहायचं काही नाही, झाल्यावर कापायचं काही नाही, जसं झालं तसं इंटरनेटवर टाकायचं. आणि तक्तपोसावर बसल्यावर एकाने जे फेकलं ते दुसऱ्याने खाली पडू द्यायचं नाही, उचलून पुढे न्यायचं. हा नियम ओजसचा. तो पुण्याचा, एकट्याने माइक घेऊन उभा राहून लोकांना हसवणारा. आमच्यात येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, पण चेंडू टिपणाऱ्या पोरासारखा सदा वाकलेला असायचा. शब्द हवेत असतानाच झेलायचा.

तिसरा सुधाकर. सुधाकर बिरादार. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं गणपती मंडळांच्या आणि जत्रांच्या रंगमंचावर उभा राहिलेला. अंगावर सोंग चढलं की याच्या जिभेला पंख फुटत. पोस्टमन झाला की तोऱ्यात, सरपंच झाला की घोगऱ्या आवाजात, आणि गौराक्का नावाची म्हातारी झाला की डोक्यावर पदर घेऊन असा बोलायचा की बायका हसता हसता डोळे पुसायच्या. गौराक्का मधेच ओवीही म्हणायची:

दारीच्या जाईबाई, तुझ्याशी किती बोलू
मिटल्या कळीचं गं ओठ, कुणी कशानं खोलू

सोंग उतरलं, तोंडावरचा रंग पुसला, की मात्र त्याचा शब्द उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथंच थबकायचा, सासरच्या दारात आलेल्या नव्या नवरीसारखा. हे मला ठाऊक होतं. बाकी कुणाला नव्हतं, कारण बाकीच्यांशी तो बोलायचाच नाही. दुकानदाराशी, मंडळवाल्यांशी, लॉजच्या मॅनेजरशी मीच बोलायचे. लोक त्याला शिष्ट समजायचे. ओजसही तसंच समजायचा. एकदा मला म्हणाला होता, "हेमाताई, दादांना माझा काही राग आहे का? 'गुड मॉर्निंग' म्हटलं की नुसती मान हलवतात."

तर त्या शुक्रवारी सुधाकरने माझी बाही ओढली आणि तो मला गच्चीवर घेऊन गेला. गच्चीवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडले होते. त्यातला एक सरकवून त्याने उभं राहण्यापुरती जागा केली.

"अक्का, आज म... मी बसतो."

"बसतोस म्हणजे? आपण तिघंही बसतोच की."

"नाही. प..."

"पाहुणा म्हणून?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले. मी शब्द पुरवला की तो नेहमी असे डोळे मिटायचा.

"चांगलं सुचलं की तुला," मी म्हटलं. "गौराक्का होऊन बस. पातळ आहे पेटीत. ओजस विचारेल आणि तू—"

"सोंग नाही," तो म्हणाला. हे शब्द स्वच्छ आले. "सोंग घालायचं नाही आज. मी बसतो. मी."

खाली कुणीतरी हसत जिना चढत होतं. मी गच्चीचं दार लोटलं.

"सुधाकर, अरे आपण कापत नाही. आपणच गावभर सांगून बसलोय. जे होईल ते जाणार आहे."

"म्हणून तर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे." तो थोडा थांबला. "किती दिवस दुसऱ्याच्या त... तोंडानं बोलू? नाटकात शब्द कुणीतरी लिहून ठ... ठेवलेला असतो, तो वेळेवर यावाच लागतो. इथं काही ठरलेलं नाही. मग मला उशीर झाला तर काय ब... बिघडलं?"

एवढं लांब वाक्य तो एका दमात बोलला नव्हता, पण बोलला होता. मी वाद घालायचं सोडून दिलं. दुसरी वाट काढू बघितली.

"मग गाऊन सांग. गाताना तुझं कुठंच अडत नाही. ओवी म्हण, मी मागनं धरते."

"गाण्यातले शब्द आधी कुणाचे तरी असतात. मला माझे ह... हवेत."

"बरं. निदान ओजसला कानात सांगून ठेवते."

"नको. सांगितलंस तर तो दया करेल. तोंड वाकडं न करता द... दया करेल. मला ते कळतं." त्याने भोपळ्यावर टकटक केलं, आतून पोकळ आवाज आला. "आणि आणखी एक. तू मधे बोलायचं नाहीस."

"म्हणजे?"

"मी अडलो तरी."

"खूप अडलास तर?"

"अडू दे."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

मी बरं म्हटलं. त्याने हात पुढे केला आणि मला टाळी द्यायला लावली. लहान पोरं शपथ घेतात तशी.

खोलीत माणसं बसली होती. शाहीनच्या मावश्या, कॉलेजची चार टाळकी, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातले दाते. ओजस मधे, मी त्याच्या उजवीकडे, सुधाकर डावीकडे. साधा पांढरा सदरा, तोंडावर रंग नाही. मला तो उघडा दिसत होता. शाहीनने अंगठा वर केला.

"मंडळी," ओजसने सुरुवात केली, "आज आमच्या पाहुण्यांनी आम्हाला दगा दिला. म्हणून घरच्याच माणसाला पाहुणा केलंय. पाव्हणं, चहा नंतर मिळंल हं! तर हे आमचे सुधाकरदादा. आजवर हे पोस्टमन होऊन आले, सरपंच होऊन आले, गौराक्का होऊन आले. दादा, आज कोण होऊन आलात?"

सुधाकरने सगळ्यांकडे बघितलं. तोंड उघडलं.

"आज म... म... म..."

कुणीतरी खुदकन हसलं. ओजसचे डोळे चमकले. मला ती चमक ओळखीची होती. त्याला वाटलं, दादांनी नवीन सोंग फेकलं. आणि फेकलेलं तो खाली कसं पडू देईल?

"म... म... मग?" त्याने विचारलं.

खोली फुटली. मावश्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. दात्यांनी चष्मा काढला. सुधाकर ओजसकडे बघत राहिला, रागाने नाही, भर रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने नमस्कार घातल्यावर बघतो तसा.

"म... मी..."

"म... मीपण!" ओजस पुढे सरसावला. त्याने सुधाकरचा हात धरला, नाडी बघितली, वैद्यासारखा मान डोलवू लागला. "क... क... कुठं अडतंय? घ... घशात का प... पोटात?"

खरं सांगायचं तर तो छान करत होता. वेळ अचूक, चेहरा निरागस. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते. मी चादरीचा काठ मुठीत धरला होता. एक वाक्य पुरलं असतं. 'ओजस, हे सोंग नाही,' एवढंच. वाक्य माझ्या दातांपाशी येऊन उभं होतं. सुधाकरने माझ्याकडे न बघताच हाताचा पंजा तक्तपोसावर पालथा ठेवला. आमच्या नाटकात त्याचा अर्थ असायचा, थांब, माझं अजून झालेलं नाही.

शाहीनने कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघितलं, बंद करू का, असं. मी मान हलवली. नको.

मग मला त्याच्या खांद्यात ती हालचाल दिसली. डावा खांदा किंचित झुकला, मान बाजूला कलली, हात डोक्याकडे निघाला. गौराक्का येत होती. पदर घेतला की दोन श्वासांत त्याने ओजसला असा धुतला असता की खोली डोक्यावर घेतली असती लोकांनी, आणि सगळं गोड झालं असतं. हात कानापर्यंत आला. तिथे थोडा वेळ राहिला. मग त्याने तो खाली आणून मांडीवर ठेवला आणि खांदा सरळ केला.

"हे सोंग न... नाही," तो म्हणाला.

"वा!" ओजस ओरडला. "सोंग न... नाही असं म्हणणारं सोंग! दादा, पाया पडतो!"

आणि तो खरोखर वाकला. टाळ्या पडल्या. आमच्या धंद्यात हेच असतं. खरं सांगितलं तरी तेही कुणीतरी झेलतं आणि पुढे नेतं. सुधाकरच्या मागे भिंत होती आणि पुढे टाळ्या.

त्याने टाळ्या संपू दिल्या. पुन्हा तोंड उघडलं. या वेळी आवाजच निघाला नाही. ओठ मिटलेले, त्यामागे काहीतरी दार ढकलतंय, गळ्याची शीर वर आलेली, उजव्या डोळ्याच्या कडेला पाणी. लोक आणखी थोडे हसले. मग कमी हसले. मग एकटे दाते हसत राहिले आणि त्यांचंही हसू मधेच पडलं. हसू कुठे सरतं ते विनोदी माणसाला पाठीच्या कण्यातून कळतं. ओजस पाय खाली सोडून बसला होता, त्याने ते हळूच वर घेतले. त्याचा चेहरा उतरत उतरत अगदी पोरगेला झाला.

"दादा," तो हळू म्हणाला, "हे... मला माहीत नव्हतं. सॉरी. मी—"

सुधाकरने हात वर केला.

"थांब. माफी नको." पुढचं यायला वेळ लागला आणि सगळ्यांनी तो दिला. "टायमिंग च... चांगलं होतं तुझं."

लोक पुन्हा हसले. पण आता ते त्याच्या बाजूने हसले. त्याला ते कळलं. तो थोडा मागे सरकून ऐसपैस बसला.

यापुढचं मी इथे सलग लिहिते आहे. तसं ते आलं नाही. शब्द एकेक करून आले, काही लवकर, काही ओढ्यातल्या दगडांना अडत अडत. पण आले.

"तू विचारलंस आज कोण होऊन आलात," तो ओजसला म्हणाला. "एक गंमत सांगतो. मी जत तालुक्यातला. मिरजेत शिकायला आलो तेव्हा बोलायची वेळ येऊ नये म्हणून शेवटच्या बाकावर बसायचो. गणपतीत एका मंडळापुढं नाटक बघायला उभा होतो, जेवणाचा डबा हातात. नाटकातला दूधवाला आलाच नव्हता. ह्या अक्का," माझ्याकडे बोट, "पडद्यामागनं आल्या आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, तू उंच आहेस, चल. एक वाक्य आहे."

हे मला आठवत होतं. दूध पाण्यात घालू की पाणी दुधात, ते वाक्य. त्याने तेवढ्या एका वाक्यात टाळी घेतली होती.

"आधी अक्कांनी नाव विचारलं. मी सांगायला लागलो. येईना. पुन्हा विचारलं. येईना. लोक शिट्ट्या मारत होते, यांच्या हातात माइक. यांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि माइकवर सांगून टाकलं, दूधवाल्याच्या भूमिकेत, सुधाकर!"

"मग?" ओजस म्हणाला. त्याने हे अगदी साधं विचारलं.

"डब्याच्या झाकणावर नाव घातलेलं होतं. डबा माझ्या घरमालकीणबाईंचा. सुधाकर त्यांचा भाऊ. लग्नात त्यानं दिलेला डबा."

मग मागे बसलेल्या एका मावशीने "अगोबाई!" म्हटलं, आणि असं हसू उठलं की खाली टांगलेल्या तारांनीही ते ऐकलं असेल. ज्या घरात कुणाच्या ना कुणाच्या लग्नातली, दुसऱ्याच्याच नावाची वाटी नाही, असं घर त्या खोलीत कुणाचं नव्हतं. मी हसले नाही. मला तो डबा काही केल्या आठवेना.

"म्हणजे तुम्ही," ओजस म्हणाला, "एका डब्याच्या नावाने जगताय?"

"हो."

"आणि हेमाताईंना सांगितलं नाहीत? इतकी वर्षं?"

"सांगायला जायचो की. माझं नाव 'म'नं सुरू होतं. मी 'म... म...' म्हटलं की अक्का विचारायच्या, मिसळ खायचीय का?" तो थांबला. अगदी बरोबर थांबला. "लई मिसळ खाल्ली."

दाते खोकेपर्यंत हसले. ओजसने तोंडावर हात घेतला. शाहीनचा कॅमेरा हलला. पुढे लोकांनी तो भाग पाहिला तेव्हा त्या जागी चित्र थरथरलेलं दिसलं, ते हेच.

"मग आधार कार्डावर?"

"त्यावर खरंच आहे. कुणी ब... बघितलंय का? लॉजवर नावं अक्काच लिहायच्या."

तेही खरं होतं. मीच लिहायचे, मोठ्या अक्षरात. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही गावाकडे चल म्हटलं नव्हतं आणि मी समजायचे, घर लहान असेल. तिथे त्याला सगळे वेगळ्याच नावाने हाक मारत असतील, असं कुणाच्या मनात येईल?

"आणि तो खरा सुधाकर?" ओजसने विचारलं. "तो कुठंय?"

"आटपाडीला. डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. आपला कार्यक्रम बघतो. त्याला वाटतं, ह्या नटाचं नि आपलं नाव एकच आहे, काय नवल!"

लोक डोळे पुसत होते. सुधाकर मात्र आता हसत नव्हता. त्याने दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, पंगतीला बसतात तशी.

"तर तू विचारलंस आज कोण होऊन आलात."

आणि तो पुन्हा त्याच शब्दाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"म..."

कुणी हसलं नाही. ओजसने ओठ घट्ट मिटले होते. माझी जीभ सवयीने पुढे झाली, तिने शब्द शोधायला सुरुवातही केली, आणि मला कळलं की देऊ म्हटलं तरी माझ्याकडे द्यायला काही नाही. त्याची निम्मीअधिक वाक्यं मी आजवर पुरी केली असतील. हा एक शब्द मला येत नव्हता.

"म... म..."

ओठ मिटले. शीर वर आली. खालच्या रस्त्याने एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, दात्यांनी घड्याळाकडे बघून ते बाहीखाली झाकलं.

"मल्लिकार्जुन," तो म्हणाला.

मग, तो शब्द आता आपलाच आहे की नाही हे बघावं तसं, पुन्हा एकदा, कुठंही न अडता: "मल्लिकार्जुन शिवाप्पा बिरादार. राहणार उमदी."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी शाहीनच्या मावशीने ते नाव पुटपुटून बघितलं. मग दात्यांनी. मग कॉलेजच्या पोरांनी. खोलीभर ते नाव इकडून तिकडे गेलं, नव्या पाळण्यातल्या बाळाला एकेकीने मांडीवर घ्यावं तसं. टाळ्या त्यानंतर.

त्याने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"बोल आता, अक्का. झालं माझं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. दूधवाल्याचं ते वाक्य तुला अजून येतं का, हे विचारायचं होतं. उमदीला कधी नेतोस, हे विचारायचं होतं. पण आधी हाक मारायला हवी.

"सु..." मी म्हटलं आणि थांबले.

पुन्हा तोंड उघडलं. जीभ जुन्या चाकोरीतून निघेना. "म... मल्लि..."

ओजस पुढे झाला, शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. डावीकडच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला मागे बसवलं. आणि मला शब्द न देता, नीट माझ्याकडे बघत, मला लागेल तेवढा वेळ तो थांबून राहिला.